तळ्यातला दोरा

कोणताही दोरा हाती लागला की ते त्याची दोन टोकं दोन्ही तर्जन्यांना गुंडाळत, दोरा उजव्या कानापाशी नेत आणि डोळे मिटून ताडकन ओढत. तुटताना त्याचा आवाज कसा होतो ते त्यांना ऐकायचं असे. मग डोळे उघडून निकाल देत. "चांगला आहे. कुजेल." किंवा, बंगाली थाटात, "की मुश्किल! हा काही कुजायचा नाही."

आमची पहिली भेट अशीच झाली. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास आमच्या ह्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि ढाकुरियाच्या पुलापलीकडे एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. ट्रंका अजून जिन्यातच होत्या, तेवढ्यात खालून हाक आली, "मराठी माणसं आली म्हणे?" दारात पन्नाशीचे, किडकिडीत गृहस्थ उभे. खाली धोतर, वर बुशशर्ट, हातात संदेश मिठाईचा पुडा. मी हात पुढे केला तरी पुडा काही माझ्या हाती येईना. त्यांनी आधी पुड्याचा दोरा सोडला, कानाशी नेऊन तोडला, समाधानानं मान डोलावली आणि मग संदेश दिले. मी मनात म्हटलं, झालं! एवढ्या लांब येऊन शेजार मिळाला तो असा.

तुम्हीही असे शेजारी पाहिले असतील. पहिल्या दिवशी वाटतं, यांच्यापासून चार हात लांब राहावं, आणि वर्षभरात त्यांना विचारल्याशिवाय आपल्या घरात लोणचंसुद्धा पडत नाही. माझं तसंच झालं.

आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून आले आणि कलकत्त्याचेच झाले. काकांचा जन्म, शाळा, लग्न, सगळं इथलं. मराठी घरात जपलेलं, म्हणून शुद्ध. पण बाहेरचा वारा लागायचा तिथे लागलेलाच. "वहिनी, चहा खाणार का?" असं ते मला विचारत. पहिल्यांदा मी बशीत बिस्किटं शोधली. बंगालीत चहा, पाणी, सिगारेट सगळं खातात, ही समज मला पुढे आली.

तागाच्या एका कंपनीत सुतळीचे नि गोणपाटाचे नमुने ताणून पाहण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. दिवसभर डलहौसीच्या कचेरीत दोरे तोडून आलेला माणूस संध्याकाळी घरीही तेच का करतो, असं मी त्यांच्या पत्नीला, काकूंना, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हलवाई घरी येऊन गोड खात नाही म्हणतात. आमच्याकडे उलटं आहे." काकू मूळच्या अमरावतीच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या आणि बोलायला फटकळ. नवऱ्याच्या वेडाची टिंगल करायची आणि दुसऱ्यानं केली तर त्याला फाडून खायचं, हा त्यांचा संसार.

आसपासची मुलं काकांना 'शुतोकाकू' म्हणत. बंगालीत शुतो म्हणजे सूत आणि काकू म्हणजे काका. त्यामुळे एकाच घरात दोन काकू झाल्या, त्यातल्या एकीला मिशा. आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांना हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

आमच्या दोन्ही घरांच्या मागे एक तळं होतं. फार मोठं नव्हे; एका काठाची हाक दुसऱ्या काठाला स्पष्ट ऐकू जावी एवढंच. एका अंगाला विटांचा घाट, दुसऱ्या अंगाला जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि कोपऱ्यात माशिमांचं पत्र्याचं बैठं घर. माशिमा, म्हणजे सगळ्यांची मावशी, पूर्व बंगालातून आलेल्या, विधवा, साठीच्या पुढच्या. तिकडचं सगळं तिकडेच राहिलं होतं. इकडे त्यांची माणसं म्हणजे त्यांची बदकं. सकाळी दार उघडलं की पांढरी-तपकिरी रांग डुलत डुलत पाण्यात उतरायची. संध्याकाळी माशिमा काठावर उभ्या राहून हाक घालायच्या, "आय आय, चोई चोई!" आणि सगळी रांग गडबडीनं परत. बदकांची अंडी आसपासच्या घरांत जात. त्यावर त्यांची चूल चाले.

रविवारी मात्र तळं गळवाल्यांचं. इथल्या क्लबाकडून तिकीट काढायचं आणि आपली जागा धरून दिवसभर बसायचं. छत्र्या, टोप्या, पानाचे डबे, मुंग्यांची अंडी कालवलेलं आमिष, आणि कुणी मोठ्यानं शिंकलं तर सगळ्या काठानं वळून रागानं बघणं. मला सुरुवातीला त्या वासानं मळमळत असे, पण त्यांची ती बैठक बघायला मजा येई. आमच्या ह्यांनी देवापुढे कधी एवढा वेळ मांडी घातलेली मी पाहिली नाही.

पूर्वी तिथे रेशमाचा नाही तर सुताचा दोरा वापरत, असं काका सांगत. मग नायलॉन आलं. पाण्यात दिसत नाही, ओलं होऊन सुटत नाही, मोठा रोहू ओढला तरी तुटत नाही. गळवाले खूश. गळाच्या चाकावर गुंता झाला की मात्र तो सोडवत कोण बसतो? कापायचा आणि काठावर फेकायचा. वाऱ्यानं तो तिथून पाण्यात.

पहिल्यांदा हे सगळं कळलं ते बुडीमुळे. बुडी हे माशिमांच्या एका बदकाचं नाव. बंगालीत त्याचा अर्थ म्हातारी, पण आपल्या कानाला बदकासाठी हे नाव अगदी शोभेसं वाटे. ती तपकिरी होती आणि रांगेत नेहमी शेवटी असायची, वाटेत दिसेल ते चाखत चाखत. एकदा ती लंगडताना दिसली. माशिमांना वाटलं, काटा गेला असेल. दोन दिवसांनी पाय सुजला, नंतर काळा पडला. तेव्हा त्यांनी काकांना हाक मारली, कारण त्या भागात कुणाला काही झालं की काकांनाच हाक जायची.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पायाजवळ डोळे नेले. मी बुडीला धरलं होतं. आधी त्यांनाही काही दिसेना. मग नखाला काहीतरी लागलं. नायलॉनचा दोरा पायाभोवती फिरून मांसात रुतला होता, आणि बुडीनं सुटायला जेवढी धडपड केली असेल तेवढा तो आवळत गेला होता. नखं कापायच्या कात्रीनं त्यांनी तो कापून काढला. पाऊल मात्र गेलं. ते आपोआप गळून पडलं आणि बुडी एका पावलावर आणि एका खुंटावर चालू लागली.

तो काढलेला तुकडा काकांनी कानाशी नेऊन ओढला. तुटला नाही. पुन्हा ओढला. बोटाला रक्त आलं.

"वहिनी, आमच्या तागाला लोक नावं ठेवतात," ते म्हणाले. "म्हणतात, लवकर कुजतो. अहो, कुजतो हाच त्याचा मोठा गुण! माणूस दोरा विसरला तरी माती विसरत नाही, ती त्याला खाऊन टाकते. हा दोरा कोण खाणार?"

त्या दिवसापासून काकांची सोमवारची फेरी सुरू झाली. कचेरीत जायच्या आधी, पॅंटचे पाय दुमडून, हातात मुठीची छत्री उलटी धरून ते तळ्याला फेरा मारत. छत्रीच्या मुठीनं झुडपं चाळायची, जलपर्णी काठाकडे ओढायची, दोरा दिसला की गुंडाळायचा. दिसला म्हणजे काय, तो दिसतच नसे. ते वाकून, मान तिरकी करून, उजेड कुठे चमकतो ते बघत. एकदा त्यांना एक ढोकरी फांदीला उलटी लटकलेली सापडली. पंखाला दोरा होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक फांदीत अडकलं होतं. ती मेली होती. काकांनी तिला उतरवून घाटामागे पुरलं आणि त्या दिवशी ते उपाशीच कचेरीला गेले. काकू मला म्हणाल्या, "पक्ष्याचं सुतक धरतात आता. पुढच्या महिन्यात मुंगीचं धरतील." पण रात्री त्यांच्या आवडीची पुरणपोळी केली होती, हेही मी पाहिलं.

गळवाल्यांशी ते भांडले नाहीत. मी असते तर चांगली खडसावली असती एकेकाला. काका रविवारी दुपारी घाटावरून निघत आणि प्रत्येकाच्या बाजूला जाऊन उभे राहत. बोलायचं नाही, मासे पळतात ना! ते नुसती ओंजळ पुढे करत, देवळात तीर्थाला करतात तशी. गळवाला आधी चमके, मग हसे, मग आपला गुंता त्यांच्या ओंजळीत टाके. क्लबाचे सेक्रेटरीबाबू, पोट सांभाळत बसणारे, पहिल्यांदा म्हणाले, "दादा, हे घेऊन करणार काय? मासे तर तुम्ही खात नाही!" काका कुजबुजले, "तुम्ही मासा खा, बाबू. दोरा मी खातो." महिन्याभरात त्यांची पावलं वाजली की लोक न बघताच हात मागे करून गुंता देऊ लागले.

आता या गुंत्यांचं करायचं काय? कुणीही जाळला असता. पण काकांची आई जुन्या वळणाची होती, आणि दोरा फेकायचा नाही हे त्यांना बाळकडूत मिळालेलं. पुड्यांचे दोरे, पार्सलांच्या सुतळ्या, उसवलेल्या शिवणीचे धागे, सगळं त्यांच्या घरी गुंडाळून ठेवलेलं असे. तुमच्या आईच्या घरीही असेल, माझ्या होतं. त्याच नियमानं नायलॉनचे गुंते धुऊन, सोडवून, गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जाऊ लागले. संध्याकाळी रेडिओ लावून गुंते सोडवत बसणं हा त्यांचा विसावा झाला. काकू करवादत, "घरात रव्याला डबा नाही, आणि ह्यांचे दोरे झाकणं लावून बसलेत!"

एवढं करून त्यांना हवं तरी काय होतं? संध्याकाळी माशिमांनी हाक घातली की सगळी बदकं घरी यावीत, एवढंच. ती आली की ते गॅलरीतून ऐकत आणि म्हणत, "चला, आली." मगच ते पानावर बसत.

काकांकडे गणपती असायचा, पाच दिवसांचा. कुमारटुलीहून, तिथल्या मूर्तिकारांच्या आळीतून आणलेली मूर्ती, त्यामुळे आपला बाप्पा जरा मोठ्या डोळ्यांचा, बंगाली चेहऱ्याचा. आम्ही आसपासची चार मराठी घरं तिथे जमायचो. आरतीला माशिमाही येत. उकडीचा मोदक हातात घेऊन पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "ओ मा, हे तर आमचं पुली पिठे! तुम्ही नुसतं डोकं बांधलंत." काकूंनी त्यांना पाच वाढले.

दोऱ्यांचे डबे भरत आले त्या वर्षी काकांच्या डोक्यात मखराची कल्पना आली. दोन दिवस दार लावून ते आणि काकू आत काय करत होते कोण जाणे. चतुर्थीला दार उघडलं आणि आम्ही सगळे उंबऱ्यातच थांबलो. मूर्तीच्या मागे, पुढे, डोक्यावर, सगळीकडे फुलं हवेत उभी होती. पिवळी नि केशरी झेंडूची, कमळाच्या कळ्या, मधे पारिजातकाची बारीक चांदणी. कशालाच आधार नाही. पंखा लावला की सगळं मखर एकदम हलायचं, जणू बाप्पानं श्वास सोडला. नायलॉनचा दोरा! डब्यातला, गळवाल्यांकडून ओंजळीत घेतलेला, धुतलेला दोरा छताला बांधून त्यात फुलं ओवली होती.

दुर्गापूजेचे मोठाले मांडव बघणारी बंगाली मंडळी, पण तीही बघायला आली. सेक्रेटरीबाबू तोंडाचा आ वासून उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, आमच्या गळाला कधी असा मासा लागला नाही." काका खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते आणि आल्यागेल्याला सांगत होते, "बघा, वाया काही जात नसतं." इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. कौतुक तर मीही तोंड भरून केलं.

पाचव्या दिवशी विसर्जन. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. देवाला वाहिलेलं फूल केरात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, पाण्यात सोडायचं. मखरातल्या माळाही बाप्पाच्याच. काकूंनी त्या अलगद उतरवल्या आणि टोपलीत ठेवल्या. काका कमरेइतक्या पाण्यात उतरले, मूर्ती तीनदा बुडवून सोडली, मग टोपली घेतली, कपाळाला लावली आणि पाण्यात पालथी केली. आम्ही घाटावर टाळ्या वाजवत ओरडत होतो, "पुढच्या वर्षी लवकर या!" फुलं पसरत गेली. दोरा कुणालाच दिसला नाही. न दिसण्यासाठीच तर तो वापरला होता.

तीन दिवसांनी संध्याकाळी माशिमांची हाक लांबली. "चोई चोई, आय रे, आय!" नेहमी दोन हाका पुरत. काका गॅलरीत उभे होते, मी माझ्या गॅलरीत. हाक चढत गेली, मग चिरकली. शेवटी माशिमा आमच्या घरांखाली येऊन वर बघत म्हणाल्या, "ओ बाबा, बुडी फेरेनि!" बुडी परतली नाही.

दिसेनासं होईपर्यंत काका काठानं फिरले. सकाळी उजाडल्यावर, कचेरीच्या कपड्यांत, पुन्हा निघाले. मी चहाचा कप हातात घेऊन वरून बघत होते. जलपर्णीच्या कडेला ते थांबले, वाकले आणि एकदम बुटांसकट पाण्यात उतरले. मी कप तसाच ठेवून खाली धावले.

बुडी जलपर्णीत अडकली होती. दोऱ्यानं गळा आणि एक पंख एकत्र बांधला गेला होता. एक पाऊल नसलेली ती, तिला लाथ मारून सुटता तरी कसं यावं? डोकं कसंबसं पाण्यावर होतं. डोळा उघडा होता. आणि तिच्या गळ्याभोवती काळपट, बुळबुळीत गोळे लटकत होते. मला आधी काही कळेना. काकांना कळलं. त्यांनी एक गोळा बोटांत धरला, तो झेंडूचा होता.

"फुलं कुजली, वहिनी," ते म्हणाले. "दोरा तसाच आहे."

मी धावत जाऊन कात्री आणली आणि या वेळी ती मीच चालवली. त्यांनी बुडीला धरलं. घाटावर माशिमा उभ्या होत्या. काका पाणी निथळत त्यांच्यासमोर गेले आणि बंगालीत सरळ म्हणाले, "माशिमा, हा गळवाल्यांनी फेकलेला दोरा नाही. आमच्या गणपतीचा आहे. मी माझ्या हातानं सोडला."

माशिमांनी बुडीला पदरात घेतलं आणि त्या तशाच घरात गेल्या. मला फार वाईट वाटलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत. ओल्या कपड्यांनिशी माशिमांच्या उंबऱ्याबाहेर बसले. आत बुडीच्या जखमेत हळद भरली होती, पण ती मान टाकून पडली होती. भात ठेवला, खाईना. भिजवलेला कोंडा ठेवला, चोच लावीना. दुपारी माशिमा दारात येऊन स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "गुगली मिळाल्या तर खाईल कदाचित." गुगली म्हणजे तळ्यातल्या बारीक गोगलगाई. काका उठले. ज्या माणसानं जन्मात कधी मासळीला हात लावला नव्हता, जो मासळीबाजारातून जाताना नाकाला रुमाल लावायचा, तो घाटाच्या पायऱ्यांखाली हात घालून गोगलगाई गोळा करू लागला. मग उंबऱ्याशी बसून विटेच्या तुकड्यानं त्या फोडू लागला. काकू त्यांच्यासाठी कोरडं धोतर घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो प्रकार पाहिला, ओल्या शर्टातून दिसणाऱ्या जानव्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून स्वतःही एक वीट उचलली.

संध्याकाळ व्हायच्या आधी बुडीनं एक गुगली खाल्ली. थोड्या वेळानं दुसरी. मग मान उचलून काकांच्या बोटालाच चोच मारली. काका रडायला लागले, अगदी उघड, मिशा भिजेपर्यंत.

तेव्हा माशिमा बोलल्या. त्यांच्याकडे बघत डोळे मिचकावून म्हणाल्या, "बाबा, तुमचा गणेश आणि हंसावर बसणारी सरस्वती, आमच्याकडे दोघं दुर्गेचीच लेकरं, सख्खी भावंडं. त्यांच्या घरच्या भांडणात तुम्ही का रडता? उठा, धोतर बदला, ताप येईल." काकू हसल्या, मी हसले, आणि काका हसता हसता शिंकले.

पण बाकीच्या माळा अजून पाण्यात होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माशिमांनी बदकं सोडली नाहीत. दारामागे त्यांचा कलकलाट चालू होता. काका सेक्रेटरीबाबूंकडे गेले. काय बोलले माहीत नाही, पण त्या रविवारी तळ्यावर जे झालं ते मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. सगळे गळवाले आले, आपापल्या जागी बसले, आणि त्यांनी आमिष न लावता गळ टाकले. मोकळे गळ, तळाशी ओढत आणायचे. छत्र्या होत्या, पान होतं, पण शांतता नव्हती. कुणाच्या गळाला माळ लागली की तो ओरडे, "उठेछे! उठेछे!" म्हणजे वर आली, आणि सगळा काठ टाळ्या वाजवी. तिकिटाचा रविवार असा फुकट गेला, पण कुणी कुरकुर केली नाही. गळाला आमिष नाही आणि मासे मात्र उड्या मारताहेत म्हणून सेक्रेटरीबाबू मात्र जरा हळहळले.

काका घाटावर बसून वर आलेली माळ मांडून ठेवत होते. ही उजवीकडची, ही मागची, ही पायांशी होती. बघता बघता घाटाच्या विटांवर ते मखर पुन्हा उभं राहिलं, फुलांशिवाय, नुसत्या रेघांचं. एकच जागा रिकामी राहिली, बाप्पाच्या डोक्यावरची. ती माळ काही केल्या सापडेना.

ती मिळाली थंडीत, पाणी उतरल्यावर, बांबूच्या एका जुन्या खुंटाला गुंडाळलेली. चिखल पुसला तर नवी कोरी. त्या संध्याकाळी काकांनी सगळे डबे अंगणात आणून त्यातला दोरा जाळला. इतकी घाण सुटली की कुणाचा टायर पेटला म्हणून आजूबाजूचे लोक बादल्या घेऊन आले. काकूंना डबे परत मिळाले. त्या म्हणाल्या, "रव्याला वास येईल आता वर्षभर," आणि घासायला बसल्या.

आईची शिकवण काकांनी मोडली ती एवढ्या एका दोऱ्यापुरती. मात्र तळ्यावर त्यांनी एक नवी रीत घातली. गणपती असो, लक्ष्मी असो, सरस्वती असो, विसर्जनाला ते घाटाच्या वरच्या पायरीवर कात्री घेऊन बसत. "फूल पाण्यात, दोरा माझ्या हातात." सुरुवातीला लोक बिथरले. देवीच्या माळेला कात्री लावतात का? अशुभ! पण त्यांच्या शेजारी माशिमा येऊन बसल्या, मांडीवर बुडीला घेऊन. तिचा तो खुंट झालेला पाय समोर असला की कुणी वाद घालत नसे. माळा निमूटपणे पुढे येत, आणि मोकळी फुलं पाण्यात जात.

अशी सहा-सात वर्षं गेली. चांगली गेली. बुडी तिच्या वेळेला, माशिमांच्या घरातच, पेंढ्यावर मेली. सोमवारची फेरी चालूच होती. फक्त छत्रीच्या मुठीला काही लागेनासं झालं होतं, आणि काका रिकाम्या हातानं परत येताना मला वरती ओरडून सांगत, "वहिनी, आज काहीच नाही!" एखाद्याला सोनं सापडल्यावर तो सांगेल, तशा आवाजात.

आमची बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात काका गेले. कचेरीतून आले, चहा घेतला, गॅलरीतल्या खुर्चीत बसले, आणि काकू कपबशी उचलायला आल्या तेव्हा ते नव्हते. त्रास असा काही झालाच नाही. पण त्या गॅलरीकडे बघायला मला फार दिवस जमलं नाही.

तेराव्याला माणसं लोटली. कचेरीतली, मराठी घरांतली, क्लबातली, आणि रविवारचे झाडून सगळे गळवाले. प्रत्येकाच्या हातात रजनीगंधाची जाड माळ. फोटो झाकून गेला, मग खुर्ची झाकली, मग माळा दाराच्या कडीला लावाव्या लागल्या. गडियाहाटचे फूलवालेही तोवर नायलॉनमधेच ओवू लागले होते, मजबूत पडतं म्हणून.

दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अंगणात माशिमा बसलेल्या. पुढ्यात सगळ्या माळांचा ढीग. त्यांची बोटं आता वाकडी झाली होती, कात्री चालत नव्हती, म्हणून त्या गाठ दातानं तोडत होत्या आणि एकेक फूल ओढून टोपलीत टाकत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. शेजारपाजारच्या आणखी दोघी-तिघी आल्या. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या. त्यांनी फोटोवरची, सर्वांत आतली माळ काढून आणली होती, स्वतः घातलेली. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि हळूहळू मोकळी केली. दोरे सगळे माझ्या ओच्यात जमत गेले.

मग आम्ही टोपल्या घेऊन घाटावर गेलो आणि फुलं सोडली. पांढरी, देठाची, सुटी सुटी. अर्धं तळं भरलं. माशिमांची बदकं पलीकडून येत होती. ती फुलांपाशी आली, एकदोघांनी चोच मारून पाहिली, आणि मग सगळी रांग त्या फुलांमधून सरळ पोहत निघाली. मागे पाण्याची एक मोकळी वाट पडत गेली.

काकू खालच्या पायरीवर उभ्या होत्या. शेवटचं बदक काठावर चढून पंख झटकेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग पदरानं डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चला, पानं वाढायची आहेत."